तोंडाचा वास

३ फेब्रुवारी, सोमवार

आज धाकट्या भावाने मला माझ्याच दवाखान्यातून सुट्टीवर पाठवलं. तीन महिने. वर म्हणतो, 'विश्रांती घे, ताई.' दवाखाना दोघांचा. पाटीवर माझं नाव वर, त्याचं खाली, आणि ते वयामुळे नव्हे, लायकीमुळे. दाढ कशी काढायची हे त्याला मी शिकवलं. पहिली दाढ काढताना पेशंट शांत होता आणि हा चक्कर येऊन पडला होता.

कारण काय, तर शुक्रवारी मी एका बसचालकाची दाढ कोरली. किडली होती ती शेवटून दुसरी, मी कोरली तिसरी. दोघी शेजारी राहतात, तोंडात अंधार असतो, होतं असं. बसचालकाने तक्रार केली नाही. त्याचा अर्धा जबडा बधिर होता. धाकट्याने एक्स-रे पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग जवळ आला आणि नाकाने एक लांब श्वास घेतला.

"ताई, सकाळचे साडेदहा वाजलेत."

"घड्याळ मलाही दिसतं," मी म्हणाले.

आदल्या रात्री झोप लागली नव्हती, म्हणून सकाळी थोडीशी घेतली होती. थोडीशीच. दातांच्या दवाखान्यात लवंगेचं तेल असतं, स्पिरिट असतं, चूळ भरायचं औषध असतं. इतक्या वासांच्या गर्दीत आणखी एक वास कोण मोजतं? इतकी वर्षं कोणी मोजला नव्हता.

अट अशी की दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांच्या गटात जायचं आणि घ्यायची नाही. नाही तर तो दंतवैद्यक परिषदेला कळवणार, म्हणजे माझा परवाना गेला. मी म्हणाले, "तुला माझी खुर्ची हवी आहे ना, सरळ माग. सोंगं कशाला?" त्याने हातमोजे काढले, दुसरे घातले, तेही काढले, तिसरे घातले. पुढचा पेशंट अजून आलाही नव्हता. इतके हातमोजे वाया घालवणारा माणूस मला शिस्त शिकवतो.

ही डायरी टूथपेस्टवाल्यांनी फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक दाढ हसते. तिला हसायला काय जातंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊन आले. एका क्रीडामंडळाची वरची खोली. टेबल टेनिसचं टेबल घडी करून भिंतीला टेकवलेलं, आणि काचेच्या कपाटात ओळीने चांदीचे पेले. दारू सोडायला आलेल्या माणसांसमोर पेले मांडणाऱ्याचा सत्कार करायला हवा.

दहा-बारा डोकी होती. मी माणसं तोंडावरून ओळखते, म्हणजे तोंडाच्या आतून. दरवाजाजवळचा लांबोडका मनुष्य: गणिताचे निवृत्त सर, दात पिवळे पण सगळे स्वतःचे. खिडकीजवळ एक बेकरीवाली, आडव्या बांध्याची. पुढचा वरचा दात अर्धा मोडलेला, हसताना तोंडावर हात ठेवते आणि हसते मात्र सारखी. मधोमध घरं दाखवणारा एक दलाल. त्याचे सगळे दात नवे, एकाच पांढऱ्या रंगाचे, नुकत्याच रंगवलेल्या जिन्यासारखे.

दलालाने विचारलं, "मॅडम, काही बोलणार?"

मी म्हणाले, "मी डॉक्टर आहे. फक्त बघायला आले आहे."

"बघा की," बेकरीवाली म्हणाली. "आमचं काय जातंय."

बाकीचे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे. चहा पाणचट होता. घरी आल्यावर तोंडाची चव घालवायला अर्धा पेला घेतला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दलाल म्हणतो, "इथे कोणी प्रमुख नाही, मी नुसती किल्ली सांभाळतो." ज्याच्याकडे किल्ली तोच प्रमुख, हे मला माझ्या सासूने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं. त्याचं बोलणं सगळं धंद्याचं. गट म्हणजे जणू तीन खोल्यांचं घर. "मॅडम, एकदा राहून तर बघा. सवय झाली की सोडवत नाही." दारूबद्दलही मला कोणीतरी हेच सांगितलं होतं.

सरांनी आज त्यांची गोष्ट सांगितली. मागच्या गुरुवारीही हीच सांगितली होती, शब्दाला शब्द, पाढे म्हणावेत तशी. एकदा ते पिऊन वर्गावर गेले, फळ्याकडे तोंड करून अख्खा तास शिकवलं, शेवटी वळून विचारलं, 'कळलं का?' वर्ग रिकामा होता. मुलं केव्हाच मैदानावर गेली होती. "आणि मला वाटलं," सर सांगतात, "कोणी नाही म्हणालं नाही, म्हणजे कळलं." इथे ते थांबतात, चष्मा पुसतात. दोन्ही वेळा तिथेच थांबले. माणसाने आपल्या दुःखाची निदान नवी आवृत्ती काढावी.

जिन्यात बेकरीवालीने मला गाठलं. "डॉक्टरीणबाई, पेपरमिंट चांगली आहे तुमची. पण वास लपवत नाही. वर बसतो, एवढंच."

"कसला वास?"

"मी व्हॅनिला इसेन्स प्यायचे," ती म्हणाली. "बेकरीत बाटल्यांची काय कमी? अंगाला सदा केकचा वास. गिऱ्हाईक म्हणायचं, किती गोड बाई आहे."

आणि तोंडावर हात ठेवून हसली. मी तिला सांगितलं की माझा तिच्याशी काही संबंध नाही. चूळ भरायच्या औषधातही स्पिरिट असतं, हे तिला कोणी सांगितलं असेल? मी तर नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सर्दी. घशासाठी थोडं घेतलं. औषध म्हणून. बाटली संपली, म्हणजे तिच्यात मुळात फार नसावी.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. मेअखेरीची तारीख दिली आहे. मी म्हणाले, आठवडाभर आधीच येते, बाळाला आणि तुला सांभाळते. ती म्हणाली, सासूबाई येणार आहेत.

म्हणजे विहीणबाई. त्यांना मी लग्नात पाहिलं तेवढं पुरे आहे. बोलतात कमी, बघतात जास्त. माझ्या हातातल्या पेल्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी किडलेली दाढसुद्धा बघत नाही. मी लेकीला म्हणाले, "आई जिवंत असताना सासू कशाला?"

ती म्हणाली, "आई, त्या जिना उतरताना अडखळत नाहीत."

आता या बोलण्याला काय अर्थ आहे? विहीणबाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. गुडघे कोणाचे आधी जातील हे मला शिकवू नये. गरोदरपणात मुली काहीही बोलतात. फोन ठेवल्यावर बराच वेळ उगाच राग येत होता, तो घालवला.

६ मार्च, गुरुवार

गटात गेले. आज मीही बोलले. बहुतेक चांगलं बोलले, कारण सगळे अगदी गप्प झाले होते. माझं पहिल्यापासून वक्तृत्व

७ मार्च, शुक्रवार

सकाळी दार वाजलं. बेकरीवाली. हातात गरम पावाची पिशवी, अंगावर पीठ. डोकं ठणकत होतं, तरी मी दार उघडलं, कारण ती वाजवायचं थांबेना.

"काल तुम्ही फार छान बोललात," ती स्वयंपाकघरात शिरून म्हणाली. सुरी कुठे असते हे तिने विचारलंसुद्धा नाही, दुसऱ्याच खणात सापडली तिला. "एकेकाला उभं करून दात तपासलेत. दलालाला म्हणालात, तुमचं तोंड म्हणजे नमुन्याचा फ्लॅट आहे, आत कोणी राहत नाही. कोपऱ्यात बसतो त्या टॅक्सीवाल्याला म्हणालात, हिरड्या अशा की बायको सोडून गेली ते बरं झालं. माझा दात मोडलाय हे तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा मला पटलं."

मला यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. मी म्हणाले, "मी असं बोलणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पाव कापत राहिली. "मग सरांची गोष्ट सांगितलीत. सगळी. शब्दाला शब्द, चष्मा पुसण्यासकट. सर काय म्हणाले माहीत आहे? घरी जाताना म्हणाले, इतके महिने सांगतोय, कोणीतरी नीट ऐकलं हे आज कळलं."

मी खुर्चीवर बसले. हात टेबलावर ठेवले तर टेबल वाजायला लागलं. या हातांनी मी केसाएवढ्या सुईने नस काढलेली आहे.

"तुमचा दात," मी विचारलं, "कसा मोडला?"

"भट्टीच्या पायरीवर पडले. कडेवर नात होती. तिला वर धरलं, म्हणून तोंडावर पडले. तिला काही झालं नाही." तिने पावाला लोणी लावलं. "सून म्हणाली, आई, यापुढे उचलू नका. बरोबर म्हणाली. खा आता."

मी खाल्लं. ओकारी झाली. तिने ते पुसलं आणि भावाचा नंबर मागितला. मी चुकीचा दिला. तिने लावून पाहिला, एका पंक्चरवाल्याला लागला, त्याच्याशी दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि मग माझ्याच फोनमधून बरोबर नंबर काढला.

१५ मार्च, शनिवार

दवाखान्यात आहे. माझ्या नव्हे. धाकट्याचा एक मित्र इथे फिजिशियन आहे. त्याने सांगितलं की एकदम सोडली असती तर झटके येऊन मी गेले असते, म्हणून औषधं देऊन हळूहळू. हे मला ठाऊक होतं. मी डॉक्टर आहे. ठाऊक असणं आणि पलंगाचा दांडा धरून थरथरणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असं दिसतं.

मधले दिवस लिहीत नाही. भिंतीवर मुंग्या होत्या. नर्स म्हणते, नव्हत्या. आम्ही वाद घातला. ती जिंकली.

धाकटा रोज येतो, पायथ्याशी बसतो. त्याची नजर माझ्या हातांवर. कारकुनासारखा हिशेब घेत असावा. भावजय एकदा आली, माझे केस विंचरले आणि बाहेर जाऊन रडली; मला दारातून दिसलं. बेकरीवाली पहाटेची भट्टी उरकून येते, खुर्चीत बसते आणि ताबडतोब घोरते. याला रुग्णसेवा म्हणतात. पण ती घोरत असली की मुंग्या येत नाहीत, हे नोंदवायला हवं.

२० मार्च, गुरुवार

गटात गेले. पायऱ्या चढताना मनातल्या मनात उत्तरं जुळवली होती. दलाल बोलला तर काय म्हणायचं, टॅक्सीवाला बोलला तर काय. सडकून अपमान करून घ्यायची पूर्ण तयारी होती.

कोणी केलाच नाही. टॅक्सीवाल्याने खुर्ची पुढे सरकवली. म्हणाला, "हिरड्यांना काय लावू?" मी म्हणाले, मीठपाण्याच्या गुळण्या करा आणि तपासून घ्या. त्याने ते हातावर लिहून घेतलं. दलाल म्हणाला, "आपल्या मॅडम परत आल्या." बस्स. एवढंच. मी इतकं टोचून बोलले आणि कोणाला काही लागलंच नाही, हा माझा अपमान नाही का?

मग माझी पाळी आली. मी म्हणाले, "मी बघायला आले नव्हते." वाक्य फार लहान होतं.  नवऱ्याबद्दल बोलावं असं वाटलं, की तो दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईकडे बघून मीच बसवलेले दात दाखवत हसतो. पण खरं सांगायचं तर तो जाण्याआधीही मी पीत होते. तो गेल्यामुळे कारण मिळालं, नवरा गमावल्याच्या मानाने ते फायद्याचंच. हे मी बोलून गेले. टॅक्सीवाला खो खो हसला. पहिल्यांदाच माझ्या विनोदाने कोणी दुखावलं नाही आणि तरी मला बरं वाटलं. एरवी समोरच्याला वाईट वाटलं की मला बरं वाटतं.

सरांनी त्यांची गोष्ट सांगितली. जिथे चष्मा पुसतात तिथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कळलं.

२ एप्रिल, बुधवार

चष्मा विसरला होता म्हणून दवाखान्यात गेले. माझ्या खोलीत माझी खुर्ची पांढऱ्या चादरीने झाकून ठेवलेली. दिवा पुसलेला, हत्यारं निर्जंतुक करून पाकिटात बंद. कोणी बसलंच नाही तिच्यावर. धाकटा स्वतःच्या लहान खोलीत, बाहेर बाकावर पेशंटांची रांग, माझेही, त्याचेही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर दुपारी जेवत नाहीत हल्ली."

माझी खोली मोठी, उजेडाची. खुर्ची हवी होती तर घेतली का नाही? वीज वाचवत असेल. लहानपणापासून चिक्कू.

१७ एप्रिल, गुरुवार

आमच्या गटात आज नवा माणूस आला. आमच्या हा शब्द घाईत पडला, राहू दे.

चहाचं काम मी हातात घेतलं आहे. सेवाभाव वगैरे काही नाही, तो पाणचट चहा मला सहन होत नव्हता. बेकरीवाली शिळ्या बिस्किटांचे तुकडे आणते आणि उदारतेचा आव आणते. नव्या माणसाने विचारलं, इथे येऊन खरंच काही होतं का? दलाल म्हणाला, "शेजार चांगला मिळतो." मी म्हणाले, शेजार कसला, सगळे एकाच आगीतून पळून आलेले. दलाल म्हणाला, "मॅडम, तेच तर सांगतोय."

आठवड्यातून एकदा मला वाटतं की आता मी शिकले, आता एकच पेला नीट पिता येईल. बेकरीवालीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "हो, आणि मी एकच थेंब व्हॅनिला."  फोन चालू होता. तिच्याकडे भट्टीचा आवाज येत होता, माझ्याकडे नळाचा.

२४ एप्रिल, गुरुवार

खोलीला कुलूप होतं. दलाल आला नव्हता. आम्ही जिन्यात उभे. किल्ली फक्त त्याच्याकडे. फोन लागेना. शेवटी सर म्हणाले, त्याच्याकडे नव्या इमारतीत एक रिकामं घर आहे दाखवायला, चौथ्या मजल्यावर. हे ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून आम्हाला सगळं कळलं. मी, बेकरीवाली आणि सर निघालो.

दार उघडंच होतं. दुपारचं ऊन रिकाम्या फरशीवर पडलं होतं. तो खिडकीखाली बसलेला, टाय नीट बांधलेला, बाटली शेजारी. आम्हाला बघून उठला. धडपडला, भिंत धरली, आणि ते पांढरेशुभ्र दात दाखवून हसला.

"या, या," म्हणाला. "वेळेवर आलात. हा हॉल. भरपूर उजेड."

मी तोंड उघडणार होते. बेकरीवालीने माझा दंड धरला.

"हॉल मोठा आहे," ती म्हणाली.

"मोठा आहे. इकडे स्वयंपाकघर." तो भिंतीला हात लावत पुढे निघाला. आम्ही मागोमाग. त्याने सगळं दाखवलं. झोपायची खोली, गॅलरी, भिंतीतलं कपाट उघडून, बंद करून. सरांनी विचारलं, "पाण्याचा दाब कसा आहे?" त्याने नळ सोडला. पाणी आलं नाही. तो नळाकडे बघत उभा राहिला, बराच वेळ.

मी पुढे होऊन नळ बंद केला.   त्याला खाली बसवलं आणि त्याच्याजवळ फरशीवर बसले, गुडघे कडाडले. मग बेकरीवाली बसली, मग सर, आपली लांब हाडं चार घड्या घालून.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही झालं नाही," दलाल म्हणाला. "कोणी मेलं नाही, कोणी सोडून गेलं नाही. परवा गिऱ्हाईक आलं नाही आणि मंगळवार होता." मग तो रडायला लागला. "अकरा वर्षं, मॅडम. मी लोकांना सांगतो, राहून बघा. मीच बाहेर पडलो."

आत्तापर्यंत मी त्याला नमुन्याचा फ्लॅट म्हणत होते. आत राहणारा माणूस आज भेटला. मी म्हणाले, "किल्ली द्या. गुरुवार मी सांभाळते. तुम्ही नुसते येऊन बसा." त्याने खिशातून जुडगा काढला, त्यात वीस-पंचवीस किल्ल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या घरांच्या. क्रीडामंडळाची नेमकी ओळखून काढायला त्याला वेळ लागला. आम्ही थांबलो.

बाटलीत बरीच होती. ती मी मोरीत ओतली. वास आला. बेकरीवाली माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. ओतून झाल्यावर दोघींनी एकदमच खिडकी उघडायला हात पुढे केला.

५ मे, सोमवार

तीन महिने संपले. धाकट्याने चादर काढून ठेवली होती. त्याच्या उजव्या मनगटाला पट्टा. दोघांचे पेशंट एकट्याने तपासून मनगट गेलं आहे.

"मूर्खा," मी म्हणाले, "निम्मे पेशंट दुसरीकडे पाठवायचे."

"पाठवले की परत येत नाहीत. मग तू आल्यावर काय केलं असतंस?"

 खुर्ची हवी असेल तर सरळ माग, असं मी याला म्हणाले होते. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून तो हातमोजे बदलत होता, हे मला आत्ता, तीन महिन्यांनी, कळलं. मी एवढी हुशार, म्हणून वेळ लागला. मी म्हणाले, आणखी एक महिना दे, हात अजून सुईसाठी तयार नाहीत. तो म्हणाला, बरं. आणि पुन्हा चादर घातली, कोपरे नीट खोचले.

बसचालक त्या दाढेच्या कामासाठी बाकावर बसला होता. मीच जाऊन सांगितलं, त्या दिवशी मी प्यायले होते आणि चांगली दाढ कोरली. त्याने विचार केला. "मला वाटलंच," म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दोन दुखत होत्या." मग म्हणाला, "तुम्ही बस चालवत नाही हे बरं आहे."

 माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात चांगलं निदान.

२२ मे, गुरुवार

लेकीच्या गावी. रविवारी मुलगी झाली. दिवस भरायच्या थोडं आधीच, पण ठणठणीत. लेकीने मला बोलावलं नव्हतं, जावयाने फोन केला आणि म्हणाला, "तिला विचारलं नाही, तुम्ही या." गाडीत बसल्यावर बेकरीवालीला कळवलं. ती म्हणाली, "जा गं. आणि उचलायला मिळालं नाही तर भांडू नकोस." तुम्ही म्हणायचं कधी सोडलं तिने, लक्षातच आलं नाही.

भांडले नाही. सकाळपासून खुर्चीत बसून बघत होते. विहीणबाई सगळं करत होत्या, दुपटी, दूध, अंगाई, आणि मी एखाद्या परीक्षकासारखी चुका शोधत होते. एकही सापडली नाही. फारच त्रासदायक बाई. दुपारी त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या धाकट्या भावाने सांगितलं होतं आम्हाला. अवघड असतं. माझे वडील सोडू शकले नाहीत." एवढंच बोलून कपडे वाळत घालायला गेल्या. त्यांची ती नजर माझ्या पेल्याकडे होती हे बरोबर. पण त्या कोणाला बघत होत्या, हे मला लग्नात विचारायचं सुचलं नव्हतं.

पाचच्या सुमारास लेक म्हणाली, "आज गुरुवार ना? तू कुठे जाणार?"

तिला कोणी सांगितलं माहीत नाही. मी पत्ता आधीच काढून ठेवला होता. एका ग्रंथालयाच्या तळघरातली खोली. ओळखीचं एकही तोंड नाही. पेले नाहीत, पण नळ गळतो. त्यांच्यातही एक जण आहे जो लांबलचक गोष्ट सांगतो. सगळ्यांना पाठ आहे हे चेहऱ्यांवरून कळत होतं, तरी ऐकत होते. त्यांच्या चहाबद्दल मी काही लिहीत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मी दातांची डॉक्टर आहे, दारुडी आहे, आणि नुकतीच आजी झाले." एका म्हातारीने विचारलं, "उचलून घेतलं का?" मी म्हणाले, अजून नाही. तिने मान हलवली. दुसऱ्या गावात, तळघरात, एका अनोळखी बाईला नेमकं काय विचारायचं ते माहीत होतं.

परत आले. लेकीने दार उघडलं. ती माझ्या अगदी जवळ आली आणि तिने वास घेतला. लपवून नाही, सरळ. धाकटा घेतो तसा. रागाने माझे दात आवळले गेले. मग मी ते सोडले, मान वर केली आणि पेशंटने करावं तसं मोठ्ठा "आ" केला.

ती हसली नाही. तिने आत नीट पाहिलं, उजव्या बाजूला, डाव्या बाजूला. पूर्ण तपासणी. मग म्हणाली, "बसून घे."

मी पलंगाच्या कडेला बसले, तिने पोरीला माझ्या हातांत दिलं. हात थरथरले नाहीत असं लिहायचं होतं. थरथरले, थोडे. विहीणबाईंनी माझ्या हातांखाली आपले हात धरले. मी म्हणाले, असू द्या तसेच. पोरीने जांभई दिली. आत सगळं गुलाबी, एकही दात नाही.